एअर रायफलवर प्रिझम स्कोप: पैसे कुठे घालावेत?

छऱ्याची रायफल घरात आली की महिन्याभरात दुर्बिणीचा विषय निघतोच. मोबाइलवर अमेरिकन नेमबाजांचे व्हिडिओ दिसतात. त्यांच्या रायफलींवर वीतभरही नसलेली आखूड, जाड दुर्बीण बसवलेली असते आणि तिच्यात लाल किंवा हिरवा क्रॉस चमकत असतो. हाच प्रिझम स्कोप. दिसायला तशीच वस्तू ऑनलाइन बाजारात सहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत मिळते. कऱ्हाड, इस्लामपूर, विटा, फलटण, कुठेही पिनकोड टाकला की आठवड्यात घरपोच येते. त्यामुळे रायफल बारा हजारांची आणि तिच्यावरची काच चौदा हजारांची, अशी जोडी आता आपल्याकडेही दिसू लागली आहे.

माझं मत आधीच सांगतो. परवान्याशिवाय मिळणाऱ्या ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलवर स्वस्त प्रिझम स्कोप बसवणं बहुतेकांसाठी पैसे वाया घालवणं आहे. ती काच वाईट असते असं नाही. ती वेगळ्या बंदुकीसाठी आणि वेगळ्या अंतरासाठी बनवलेली असते. काही जणांना मात्र तिचा खरा उपयोग होतो, त्यांच्याबद्दलही लिहितो. पुढे दिलेल्या किमती साधारण आहेत. दुकानागणिक हजार-दोन हजारांचा फरक धरून चाला.

प्रिझमने काय साधतं

कुठल्याही दुर्बिणीत पुढच्या भिंगातून पडणारी प्रतिमा उलटी असते. नेहमीच्या लांब स्कोपमध्ये नळीच्या आत आणखी भिंगं बसवून ती सुलटी करतात, म्हणून तो फूटभर लांब होतो. प्रिझम स्कोपमध्ये हेच काम काचेचा लोलक करतो. प्रकाश त्या लोलकात वळत जातो आणि तेवढी लांबी वाचते. त्यामुळे तीन पटींचा प्रिझम स्कोप दहा-बारा सेंटिमीटरांत मावतो. अमेरिकेतल्या ट्रिजिकॉन कंपनीने १९८७ मध्ये ‘एकॉग’ नावाचा असा स्कोप आणला आणि सैनिकी रायफलींमुळे तो जगभर पोहोचला. आज त्याची किंमत आपल्या पैशांत लाखाच्या पुढे जाते. व्होर्टेक्स, प्रायमरी आर्म्स अशा कंपन्यांचे प्रिझम स्कोप अमेरिकेत अडीचशे ते साडेतीनशे डॉलरना मिळतात, म्हणजे वीस ते तीस हजार रुपये. वाहतूक, सीमाशुल्क आणि कर त्यावर वेगळे. आपल्याकडे सहा-आठ हजारांना दिसतात ते बहुतेक चिनी बनावटीचे.

प्रिझम स्कोपचे दोन गुण खरे आहेत. पहिला, यातला क्रॉस काचेवर कोरलेला असतो. बॅटरी संपली तरी तो काळ्या रेघांत दिसत राहतो. दुसरा गुण डोळ्यांचा आहे आणि तो फार लोकांना ठाऊक नाही. ज्यांना सिलिंडर नंबर आहे, त्यांना साध्या ‘रेड डॉट’मधला ठिपका फुटलेला किंवा शेपूट फुटल्यासारखा दिसतो. वस्तूत दोष आहे समजून ते ती परत करतात. प्रिझम स्कोपमध्ये डोळ्याजवळची कडी फिरवून क्रॉस आपल्या नजरेला जुळवता येतो, त्यामुळे तो रेखीव दिसतो. चाळिशीनंतर मागची खाच आणि पुढची माशी एकदम स्पष्ट दिसेनाशी होते. अशा माणसांनाही त्याचा आधार वाटतो.

विकत घेताना मोठा गोंधळ नावांचा होतो. रेड डॉट, होलोग्राफिक, प्रिझम, सगळे शब्द एकाच वस्तूच्या जाहिरातीत कोंबलेले असतात. दुकानात तपासायला एक सोपी युक्ती आहे. बॅटरी काढा आणि आत पाहा. काळा क्रॉस तसाच असेल आणि समोरचं दृश्य मोठं दिसत असेल, तर तो प्रिझम असण्याची शक्यता आहे. क्रॉस गायब झाला, तर प्रिझमच्या किमतीला तुम्हाला रेड डॉट दाखवला जातोय. एक पटीच्या प्रिझममध्ये दृश्य मोठं होत नाही, तिथे कोरलेल्या रेघेवरूनच ओळखायचं.

दहा मीटरवरचा हिशोब

आपल्याकडे एअर रायफल कुठे चालवली जाते? घरामागच्या पडवीत, मळ्यात, गोठ्याच्या भिंतीशी. अंतर दहा मीटर, फार तर वीस-पंचवीस. इथेच प्रिझम स्कोप अडतो.

बहुतेक स्कोप एका ठरावीक अंतरासाठी जुळवून कारखान्यातून निघतात. त्या अंतरावर डोळा स्कोपमागे थोडा इकडे-तिकडे झाला तरी क्रॉस लक्ष्यावरून हलत नाही. इतर अंतरांवर मात्र हलतो. याला पॅरलॅक्स म्हणतात. बहुतेक प्रिझम स्कोप १०० यार्डांसाठी, म्हणजे ९१ मीटरसाठी जुळवलेले असतात आणि ते अंतर बदलायची सोय त्यांत नसते. पुढचं भिंग २५ मिलिमीटरचं धरा. दहा मीटरवर डोळा अगदी कडेला गेला, तर चूक किती होईल? भिंगाचा अर्धा व्यास साडेबारा मिलिमीटर. त्याला ९१ आणि १० मधल्या फरकाने, म्हणजे ८१ ने गुणायचं आणि ९१ ने भागायचं. उत्तर येतं ११ मिलिमीटर.

हे ११ मिलिमीटर किती मोठे आहेत, ते स्पर्धेच्या कागदावर पाहा. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नऊ गुणांचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं आणि सगळं काळं वर्तुळ साडेतीस मिलिमीटरचं. नेम अगदी मध्यावर दिसत असताना छरा ११ मिलिमीटर बाजूला गेला, तर दहाऐवजी सहा गुण मिळतात. डोळा इतका कडेला कुणी नेत नाही हे खरं. पण नवशिक्याचा गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकत नाही आणि निम्मी चूक झाली तरी आठ गुणांवर येतो. शिवाय तीन पटींच्या पुढचा स्कोप दहा मीटरवर धूसरही दिसतो, कारण त्याचा फोकसही लांबचाच असतो. घेणाऱ्याला वाटतं काच हलकी निघाली. काच कदाचित ठीक असेल, अंतर चुकलेलं असतं.

दुसरी अडचण स्प्रिंगची. आठ ते अठरा हजारांच्या बहुतेक रायफली नळी मोडून भरायच्या, स्प्रिंग-पिस्टनच्या असतात. घोडा ओढला की जड पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे सरकते. लगेच पिस्टन टोकाला आदळतो आणि रायफल पुढे उसळते. दारूच्या बंदुकीसाठी बनवलेला स्कोप मागच्या धक्क्याला तयार असतो, या पुढच्या धक्क्याला नाही. आतली भिंगं ज्या कड्यांनी धरलेली असतात, त्या सैल होतात. प्रिझम स्कोपमध्ये तर जड काच चिकटवून बसवलेली असते. महागडी दुर्बीण साध्या छऱ्याच्या बंदुकीवर खिळखिळी होते, ती अशी. खोक्यावर ‘एअरगनसाठी चालेल’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर स्प्रिंगच्या रायफलीवर तो बसवू नका. विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर तर मुळीच नाही. हवेच्या टाकीवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीला हा धक्का जवळपास नसतो, पण तिची किंमतच पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होते. हवा भरायचा पंप वेगळा.

तिसरी गोष्ट बसवण्याची. एअर रायफलीच्या पाठीवर सहसा ११ मिलिमीटरची खाच असते. प्रिझम स्कोपचा पाया सुमारे २१ मिलिमीटरच्या पिकाटिनी पट्टीसाठी असतो. मधे अडॅप्टर लावावा लागतो, त्याचे पाचशे ते हजार रुपये. त्याने स्कोप आणखी उंच होतो. मुळात या स्कोपचे पाय सैनिकी रायफलीच्या सरळ दस्त्याला धरून उंच केलेले असतात. आपल्या रायफलीचा दस्ता उतरता. मग गाल टेकला तर डोळा स्कोपपर्यंत पोहोचत नाही आणि डोळा पोहोचवला तर गाल हवेत राहतो. पॅरलॅक्सची चूक इथूनच वाढते. त्यात डोळा आणि काच यांमधलं अंतरही प्रिझममध्ये कमी, साधारण सात सेंटिमीटर. चष्मेवाल्यांनी दुकानात चष्मा लावूनच पाहावं. भोवताली काळी चंद्रकोर दिसत असेल तर घरी नेऊन ती जाणार नाही.

राहिला क्रॉसखालच्या खुणांचा प्रश्न. त्या खुणा पाहून अनेकजण भुलतात. ‘पाचशे मीटरपर्यंत’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. त्या खुणा ५.५६ मिलिमीटरच्या सैनिकी गोळीच्या उतारावर आखलेल्या असतात आणि ती गोळी सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते. आपला अर्ध्या ग्रॅमचा छरा सुटतो सेकंदाला दोनशे चाळीस मीटरच्या आसपास आणि हवेत पटकन मंदावतो. पंचवीस मीटरवर तो सुमारे सहा सेंटिमीटर खाली येतो, पन्नास मीटरवर पाव मीटरहून अधिक. त्या खुणांचा आपल्याला काडीचा उपयोग नाही.

मग घ्यावं काय

मळ्यात कागदावर किंवा डब्यांवर नेम धरायचा असेल, तर एअरगनसाठीच बनवलेला साधा लांब स्कोप घ्या. ४×३२ म्हणजे चार पट मोठं दृश्य आणि ३२ मिलिमीटरचं पुढचं भिंग. त्याची किंमत दीड ते तीन हजार. ३-९×४० मध्ये पटी बदलता येतात, अडीच ते पाच हजार. माझी शिफारस मात्र ‘एओ’ लिहिलेल्या ३-९×४० ला आहे, पाच ते नऊ हजारांत. त्याच्या पुढच्या भिंगाची कडी फिरवून ते दहा मीटरपासून पुढे जुळवता येतं. वर मांडलेली ११ मिलिमीटरची अडचण या एका कडीने जवळजवळ संपते. प्रिझमवर चौदा हजार खर्च करण्यापेक्षा सात हजारांचा एओ स्कोप दहा मीटरवर कितीतरी चांगला नेम देतो. तो घेताना कडीवर सगळ्यांत लहान आकडा कोणता छापलाय, ते पाहा. काहींची सुरुवात दहा यार्डांपासून होते, काहींची पंचवीसपासून. पंचवीसवाला आपल्या पडवीत निम्माच उपयोगी.

स्कोपसोबत माऊंटवर काटकसर करू नका. दोन सुट्या कड्यांचे तीनशे रुपयांचे माऊंट स्प्रिंगच्या धक्क्याने मागे सरकत जातात. शंभर छऱ्यांत जुळवलेला नेम, म्हणजे झीरो, हलतो आणि दोष स्कोपला दिला जातो. एकसंध माऊंट, खालून अडकणारी खुंटी असलेला, हजार ते दीड हजारांना येतो. रायफलीच्या पाठीवर त्या खुंटीसाठी भोक आहे का, ते रायफल घेतानाच तपासा.

एकूण बेरीज अशी होते. रायफल बारा हजार, एओ स्कोप सात हजार, माऊंट बाराशे, छऱ्यांचे दोन-तीन डबे हजारभर, छरे अडवायला जुन्या चिंध्या आणि वर्तमानपत्रांनी ठासून भरलेली लाकडी पेटी पाचशे. जवळपास बावीस हजारांत सगळं उभं राहतं. एवढे नसतील तर ४×३२ घ्या, बेरीज सोळा-सतरावर येते. याच रायफलीवर नावाजलेल्या कंपनीचा प्रिझम बसवला तर खर्च चाळीस हजारांकडे जातो आणि नेम मात्र कमी मिळतो. पेटीऐवजी लोखंडी पत्रा किंवा दगडी भिंत वापरू नका. छरा उलटा येतो आणि डोळ्यावर बसतो. संरक्षक चष्मा दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो, तो यादीत पहिल्या नंबरला लिहा.

छरे बदलून पाहण्यावर खर्च करा, असंही सुचवेन. एकाच रायफलीला एका कंपनीचा छरा मानवतो, दुसऱ्याचा मानवत नाही. देशी छऱ्यांचा डबा तीन-चारशेला येतो, स्पर्धेचे परदेशी छरे हजाराच्या आसपास. चार वेगळे डबे आणून रायफल टेकवून दहा-दहा छरे मारून पाहा. स्कोप बदलून जितकी सुधारणा होत नाही, तितकी कधी कधी छरा बदलून होते. कागदावरची भोकं पाहायला स्कोपच्या पटी वाढवायची गरज नाही. हातातली ८×४२ दुर्बीण पंचवीस मीटरवरचं साडेचार मिलिमीटरचं भोक सहज दाखवते, आणि तीच पुढे मायणीच्या तलावावर पक्षी पाहायला कामी येते.

प्रिझम कुणाला चालेल? सिलिंडर नंबर असलेल्या आणि पीसीपी रायफल घेतलेल्या माणसाला, त्यातही पंचवीस मीटर आणि पुढच्या अंतरावर. किंवा ज्याच्याकडे परवान्याची .२२ बोअरची रायफल आहे आणि जो रेंजवर पन्नास मीटरवर सराव करतो त्याला. पन्नास मीटरवर पॅरलॅक्सची जास्तीत जास्त चूक निम्म्यावर, साडेपाच मिलिमीटरपर्यंत येते आणि .२२ चा धक्काही नगण्य असतो. तिथे दोन किंवा तीन पटींचा, कोरलेल्या साध्या क्रॉसचा प्रिझम घ्यायला हरकत नाही. परवान्याच्या बंदुकीवर काहीही बसवायचं झालं, तर भोकं पाडायचं काम परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. गावातल्या लेथवाल्याकडे ती बंदूक ठेवून येणंच कायद्याच्या कचाट्यात अडकवू शकतं.

मुलं स्पर्धेला उतरणार असतील तर

सातारा-सांगलीतल्या पालकांना हे आधी सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त पैसे इथे चुकीच्या जागी जातात. आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत दुर्बिणीला बंदी आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, ४५१.४ गुणांवर. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. दोघांच्याही रायफलीवर दृश्य मोठं करणारी काच नव्हती. मागे बारीक छिद्राची पीप साईट, पुढे वर्तुळ, बस. चष्म्याच्या नंबराचं भिंग मागच्या साईटला लावायची मुभा असते, तेवढीच.

म्हणून मुलगा किंवा मुलगी शालेय स्पर्धांत उतरणार असेल, तर स्कोपचे पैसे पीप साईटमध्ये घाला. देशी पीप साईट तीन ते सहा हजारांत मिळते, तशीच जर्मन साईट, म्हणजे डायऑप्टर, पंचवीस हजारांच्या पुढे. आधी ओपन साईटवर, म्हणजे खाच आणि माशीवर, वर्षभर सराव होऊ द्या. त्यात गाल, श्वास आणि घोडा यांची शिस्त लागते. लाख-दोन लाखांची फाइनवेर्कबाऊ किंवा वॉल्थर रायफल लगेच विकत घेऊ नका. कोल्हापूर किंवा पुण्याच्या बालेवाडीतील प्रशिक्षणकेंद्रात भाड्याने किंवा क्लबच्या रायफलीवर सराव करता येतो का, हे आधी विचारा. कोट, पँट, बूट, हातमोजा यांचाच खर्च पुढे तीस-चाळीस हजारांवर जातो, त्यासाठी पैसा राखून ठेवा.

काचेचा नियम खेळागणिक कसा बदलतो, हे साताऱ्याच्याच दोन धनुर्धरांवरून कळतं. अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली ती कम्पाउंड धनुष्यावर. त्या प्रकारात साईटमध्ये भिंग किंवा प्रिझमही चालतं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला तो रिकर्व्हवर, तिथे भिंग चालत नाही. आपलं लेकरू कोणत्या प्रकारात उतरणार हे ठरल्याशिवाय काचेवर एक रुपयाही घालू नये.

परवाना आणि जंगल

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० जूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. ५.५ मिलिमीटरच्या रायफलीला परवाना लागतो, मग ती कितीही हलकी असो. ऑनलाइन किंवा ओळखीतून ‘.२२ ची छऱ्याची आहे, काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तर घेऊ नका. जास्त जोराची स्प्रिंग बसवून देणारेही असतात. २० जूलच्या वर गेली की तीच रायफल बेकायदा ठरते. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास जाऊ लागला की ती मर्यादा आली, हे ध्यानात ठेवा. रायफल घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या, आणि पक्कं बिल घ्या. त्या बिलावर नळीचा आकार छापलेला हवा.

स्कोप लावला की लांबचं दिसतं, आणि लांबचं दिसलं की झाडावरच्या पाखराकडे नळी वळते. हे मी कळकळीने लिहितोय. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे शिकार हा गुन्हा आहे, एअरगनने केलेलीही. मोर, भेकर, घोरपड तर सोडाच, साध्या पाखरावर छरा झाडणंही तुम्हाला कोर्टात नेऊ शकतं. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाण्यालाच मनाई आहे आणि त्यात छऱ्याची बंदूकही येते. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या हद्दीला लागून पाटण आणि शिराळ्यातली कितीतरी गावं आहेत. सागरेश्वर अभयारण्य तर चारही बाजूंनी वस्तीने वेढलेलं आहे. गाडीच्या डिकीत रायफल आणि स्कोप ठेवून तिथे फिरायला जाऊ नका. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा कराव्यात अशी मोहीम सुरू झाली, कारण तिथल्या जंगलातली पाखरं याच छऱ्यांनी संपत चालली होती.

रानडुकरांनी ऊस आणि भुईमूग उद्ध्वस्त केल्याने हैराण झालेले शेतकरीही एअरगनची चौकशी करतात. त्यांच्या रागाचं कारण खरं आहे. पण छऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होतं, चवताळतं आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला आलेल्या बाईवर धावतं. पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. स्कोपचे सात हजार झटका देणाऱ्या कुंपणाच्या बॅटरीत घाला, पिकासाठी त्याचा जास्त उपयोग होईल.

पावसाळा, बुरशी आणि बिल

एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. पश्चिमेकडच्या, जावळी-पाटणच्या घरांत जून ते सप्टेंबर भिंगावर बुरशी चढते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा आत दिसू लागल्या की स्वस्त स्कोप दुरुस्त होत नाही, प्रिझम तर नाहीच, कारण उघडला की आतलं जुळणं बिघडतं. नायट्रोजन भरलेला, जलरोधक असं खोक्यावर लिहिलेलाच घ्या. पावसाळ्यात तो रायफलीसकट कापडी खोळीत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. शंभर रुपयांच्या पुड्या सात हजारांचा स्कोप वाचवतात. पूर्वेकडे, माण-खटाव, जत-आटपाडीत त्रास धुळीचा. भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा, मग पुसा.

दुकानात घेत असाल तर संध्याकाळी जा. उन्हात सगळ्याच काचा चांगल्या दिसतात. दिवे लागणीच्या वेळी रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं कोणत्या स्कोपमध्ये वाचता येतात, कडेची अक्षरं वाकडी होतात का, ते पाहा. नेम जुळवायच्या क्लिकच्या बटणाला स्पष्ट आवाज आणि अडकण हवी. दहा मीटरवर एका क्लिकने छरा पाऊण मिलिमीटरही सरकत नाही, तेव्हा वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवून छरा परत मूळ जागी येतो का, हे घरी नेल्यावर पहिल्या आठवड्यातच तपासा, परत करायची मुदत संपायच्या आत.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि वस्तू कोणत्या देशात बनली हे पानावर लिहिलेलं असलं पाहिजे, नियमच तसा आहे. खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करा. स्कोप सदोष निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं. विक्रेता दिल्लीचा असला तरी साताऱ्याच्या माणसाला साताऱ्यात आणि सांगलीच्या माणसाला सांगलीत अर्ज करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क लागत नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. बिल, पैसे दिल्याची नोंद, उघडतानाचं चित्रण आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार एवढं जोडा.

परदेशातून पार्सलने स्कोप मागवायचा मोह टाळा. शस्त्रावर बसवायची वस्तू म्हणून कस्टममध्ये ती अडकू शकते, खुलासे द्यावे लागतात आणि बिघडली तर वॉरंटीसाठी परत पाठवायचा खर्च वस्तूच्या निम्म्या किमतीपर्यंत जातो. देशातल्या दुकानदाराकडून हजार रुपये जास्त देऊन घेतलेला स्कोप हातात घेऊन भांडता तरी येतं.

वापरलेला स्कोप घेण्याची वेळ आली तर टॉर्च लावून पुढच्या भिंगातून आत पाहा, बुरशी लगेच दिसते. मग तो कानाजवळ हलवा. आत काही खुळखुळत असेल तर तो बहुधा स्प्रिंगच्या रायफलीवर वापरून झालेला आहे, निम्म्या किमतीलाही घेऊ नका.